अस्तरात शिवलेला माइक

“एक, दोन, तीन… बाबा, ऐकू येतंय का?”

मित्रांनो, किती वर्षं झाली, पण हा आवाज अजून माझ्या जाळीत अडकून बसला आहे. जन्मल्यावर मी ऐकलेला हा पहिला प्रश्न. त्याचं खरं उत्तर मिळायला किती काळ जावा लागला, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

मी एक जुना कॉलर माइक आहे. अंगाने हरभऱ्याच्या दाण्याएवढा. डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी, पोटाशी एक चिमटा आणि मागे वायरीचं लांबलचक शेपूट. एवढ्याशा जिवाला एवढा कसला तोरा, असं तुम्ही म्हणाल. पण तोरा आहे, आणि तो मी मिरवणारच.

एका कारखान्यात निळा एप्रन घातलेल्या बाईने भिंगाखाली धरून माझ्या पोटात केसासारख्या दोन तारा जोडल्या. मग मला ओठांजवळ नेऊन तिने हळूच फुंकर घातली. समोरच्या यंत्रावरचा काटा हलला, तशी ती हसली. त्यानंतर डबीतला अंधार आणि मग दुकानाची काच.

त्या दुकानात थोरली आली. थोरली म्हणजे टेलर मास्तरांची मोठी मुलगी. दवाखान्यात केसपेपर काढायची नोकरी सांभाळून ती वडिलांचे शिवणकामाचे धडे मोबाइलवर चित्रित करायची. दुकानदाराने तिच्यापुढे टेबलावर ठेवायचा एक जाडजूड माइक मांडला.

“हा न्या ताई. खोलीत टाचणी पडली तरी पकडतो.”

“टाचण्या आमच्याकडे दिवसभर पडतात हो,” थोरली म्हणाली. “मला टाचण्या नकोत, बाबा हवेत. ते एका जागी बसत नाहीत. टेबलाभोवती फिरत बोलतात, आणि दोन्ही हात कापडात.”

दुकानदाराने मान खाजवली आणि मला पुढे केलं. माइक निवडताना आधी माणूस बघायचा असतो, हे मी तिथे शिकलो.

मास्तरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिन्ही भिंतींना कापडाचे तागे लावलेले. रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो. इथे तो कापडात शिरून गुपचूप बसायचा. माझ्यासारख्याला आणखी काय हवं? हनुवटीखाली वीतभर अंतरावर मला शर्टाला लावलं की कात्रीची कचकच आणि मास्तरांचा धीमा आवाज मी नेमका उचलायचो. दूरच्या घरांतून निरोप यायचे, ‘मास्तर, तुम्ही शेजारी उभे राहून शिकवताय असं वाटतं.’ ते वाचून दाखवलं की माझी टोपी फुगायची.

घरात कामं वाटून घेतलेली होती. चित्र थोरलीचं, आवाज मास्तरांचा. दर वेळी ती मला आधी स्वतःच्या ओढणीला लावायची आणि विचारायची, “बाबा, ऐकू येतंय का?” मास्तर हेडफोन चढवून डोळे मिटायचे आणि मग म्हणायचे, “स्वच्छ.” त्यांच्या त्या शब्दाला किंमत होती. इस्त्री करता करता आतल्या खोलीतून ते ओरडायचे, “सुई बोथट झाली गं, बदल!” आणि मशीनवर बसलेली त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, कपाळावर हात मारून घ्यायची. “दादा, हे कान आहेत की पहारेकरी?”

आत्या काजं करायची आणि करता करता गुणगुणायची,

*सुईबाई सुईबाई, दोरा ओवून घे,*
*फाटल्या दिवसाला गं, टाका घालून दे.*

मी तेही उचलायचो. मग थोरली डोळे वटारायची, आत्या जीभ चावायची आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

अशी तीन वर्षं सुखात गेली. मग मास्तरांच्या मनाने एक घेतलं. “शिवणाऱ्या माणसाच्या शर्टावर हा काळा भुंगा शोभत नाही,” ते म्हणाले. त्यांनी बटणपट्टी उसवली, आत अस्तराचा इवलासा खिसा केला, मला त्यात बसवलं आणि वरून असे टाके घातले की शोधून सापडू नयेत. हातात कला असलेल्या माणसाची चूकही किती देखणी असते! पण मित्रांनो, मी आत गुदमरलो. मास्तर वाकले की अस्तर माझ्या तोंडावर खरखर घासायचं. मास्तर बोलत होते आणि मी मात्र वाळलेली पानं तुडवल्यासारखा वाजत होतो. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “स्वच्छ.”

थोरलीने त्यांच्या शब्दावर धडा पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी निरोपांचा पाऊस. ‘मास्तर, चणे भाजताय का?’

दोष माझ्यावर आला. मला उसवून काढलं आणि बटणांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. माझ्या जागी तोच जाडजूड टेबलावरचा माइक आला. तो वाईट नव्हता. एका जागी बसून गोष्ट सांगणाऱ्यासाठी तो राजा. पण इथे त्याने पंखा पकडला, शेजारचा नळ पकडला, आत्याचं अख्खं गाणं पकडलं, आणि टेबलाच्या टोकाला गेलेले मास्तर तेवढे सोडले. “स्वच्छ,” मास्तर म्हणाले. मग मोबाइलच्या डोक्यावर बसणारा लांबट माइक आला. तोंडासमोर, जवळ धरला तर तोही हुशार. पण मास्तर पाठ फिरवून तागा काढायला गेले की तो मुकाट भिंतीकडे बघत राहायचा. त्यालाही मास्तर म्हणाले, “स्वच्छ.”

डब्यात मोत्याची, शिंपल्याची, उरलीसुरली बटणं माझे सोबती होती. तिथून मला खोली ऐकू यायची. मशीन खटखटत होतं, सुया बोथट होत होत्या, पण आतून कुणी ओरडत नव्हतं. आत्या न बोलता सुई बदलायची.

आणि मग तो निरोप आला. एका आईने लेकीच्या शाळेतल्या पहिल्या दिवसासाठी फ्रॉक शिवायला घेतला होता. तिने लिहिलं होतं, ‘मास्तर, धडा चार वेळा बघितला. मुंढ्याचं माप ऐकूच आलं नाही. अंदाजाने कापलं. लेकीचा हात आत जात नाही.’

थोरलीने तो मोठ्याने वाचला. मास्तरांच्या हातातली कात्री थांबली.

“बंद करूया हे सगळं,” थोरली म्हणाली. “तीन माइक झाले. लोकांनी विश्वासाने कापड कापायचं आणि आपण…”

“माइकच भिकार आहेत सगळे!” मास्तर कधी नव्हे ते ओरडले.

“सगळेच कसे रे भिकार निघतील, दादा?” आत्या हळूच म्हणाली. तिने बटणांचा डबा उपडा केला, माझ्या शेपटाला गुंडाळलेला दोरा काढला आणि मला थोरलीच्या हातात ठेवलं. “याच्यावर बोललेलं माझ्या मैत्रिणींना शब्दन् शब्द कळायचं. एकदा पुन्हा बघ.”

पुढचं सांगण्याआधी, मित्रांनो, एक मागणं मागतो. माइक घ्याल तेव्हा त्याचा आकार बघू नका. बोलणारा बसतो की फिरतो ते बघा. आम्हाला कापडात कोंडू नका, वायरीला पीळ देऊ नका. आणि रेकॉर्डिंग झाल्यावर एकाच्याच कानावर सोडू नका, दोघांनी ऐका. आम्ही मोडलो तर दुसरे मिळतील. पण घरातल्या माणसाच्या आवाजात काही बदललं, तर दोष आधी आमच्यावर टाकू नका. जरा त्या माणसाकडे वळून बघा.

थोरलीने मला ओढणीला लावलं. मास्तरांनी हेडफोन चढवले. आत्या काज करता करता थांबली.

“एक, दोन, तीन… बाबा, ऐकू येतंय का?”

“स्वच्छ,” मास्तर म्हणाले. “एकदम स्वच्छ.”

थोरली हलली नाही. हेडफोनची पिन तिच्या मुठीत होती. ती अजून कशातच खोचलेली नव्हती.

मला तिच्या छातीची धडधड ऐकू येत होती. ती रागावली नाही. टेबलाला वळसा घालून मास्तरांच्या अगदी समोर गेली, त्यांचे हेडफोन उतरवले, आणि मूठ उघडून पिन दाखवली. मास्तरांनी पिनेकडे बघितलं. गळ्यातली मापपट्टी त्यांनी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“बाबा,” थोरलीने हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “ऐकू येतंय का?”

“नाही, पोरी,” मास्तर म्हणाले. “दीड वर्ष झालं. तुझे ओठ वाचतो मी. मशीन चाललंय हे टेबलावर हात ठेवला की बोटांना कळतं, कानांना नाही. कान गेले म्हटलं तर मास्तर कसला उरलो, म्हणून गप्प बसलो.” त्यांनी माझा चिमटा स्वतःच्या हातांनी सोडवला आणि मला आपल्या शर्टावर, अगदी बाहेर, सगळ्यांना दिसेल असा लावला. “आता आवाज तू ऐक. माप मी सांगतो.”