अलिपातेला भरवायचे दिवस

सरदाराला माती दिली आणि अलिपातेचे हात तपू झाले. त्याचं घराणंच सरदारांच्या प्रेतांना हात लावणारं. एकदा हात लागला, की शोकाची मुदत सरेपर्यंत त्या हातांनी अन्नाला शिवायचं नाही, दुसऱ्यानं भरवायचं. त्याची बायको वारलेली, मुलं ऑकलंडला. घरात फक्त विधवा बहीण लुसेआने. पण बहिणीनं भावाला घास भरवायचा, हे आमच्या टोंगात त्याहून मोठं तपू. ती दोघं एका छपराखाली धड समोरासमोरही बसत नाहीत. राहिलो शेजारचा मी, आखडलेल्या खांद्याचा.

"आ मोठा कर की," मी करवादायचो.

"तू शार्कला टाकल्यासारखा लांबून टाकतोस," तो म्हणायचा.

त्या दिवशी मला सकाळी उठवेनाच. दुपारी कण्हत पोचलो तर अलिपाते भुकेनं भिंतीला टेकलेला, आणि त्याच्यासमोर न्यूझीलंडहून आलेली रोविना नावाची गोरी पोरगी. शब्दकोश करणाऱ्यांची. इंग्रजीतला 'टॅबू' हा शब्द आमच्या बेटांवरच्या 'तपू'वरून गेला म्हणे, तिला मूळ अर्थ हवा होता.

"गेला कसला, विकला," मी म्हणालो. "माझ्या खापरपणजोबानं. इंग्रज कप्तानानं दोन खिळे दिले, त्यातला एक वाकडा निघाला."

पोरगीनं तेही लिहून घेतलं. मला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

"तुमच्याकडे काय अर्थ लावतात?" अलिपातेनं विचारलं.

"चारचौघांत बोलू नये असं काही, आजोबा. काका दारू पितो, आत्या नवऱ्याला सोडून गेली, तसलं."

"मग तुमचं सोपं आहे. तोंड मिटलं की झालं. इथं उघडून बसावं लागतं."

"पण मनाई करतं कोण?"

"कोणी नाही गं. कोणी केली असती, तर त्याची नजर चुकवली नसती का?"

मी कोनफळाचा तुकडा उचलायला गेलो, तर खांद्यात अशी कळ आली की तो चटईवरच पडला. पोरगी कळवळली. तिनं पिशवीतून जेवणाचा काटा काढून अलिपातेपुढे धरला. "हात अन्नाला लागतच नाही, आजोबा. लागतो तो काटा."

अलिपातेनं काटा घेतला. पानात अळूत शिजवलेलं मांस होतं, त्यातून नारळाच्या दुधाचा वास येत होता. माझ्याच्यानं बघवेना.

"खा बाबा," मी म्हणालो. "मी कुणाला सांगत नाही. आणि सांगितलं तरी काय? अलिपातेनं आपल्या हातानं खाल्लं असं माझ्यासारख्या थापाड्यानं म्हटलं, तर गाव शपथेवर सांगेल की तो उपाशी होता."

"माझी पोरं काही परत येत नाहीत," अलिपाते म्हणाला. "माझ्यानंतर हे काम करणारं घरात कोणी नाही. मग हे कुणासाठी, सांग."

बाहेर चुलीपाशी लुसेआने आमच्याकडे पाठ करून नारळ खवत होती. भावाशी बोलायचं असलं की ती डुकरिणीशी बोलते.

"ऐक गं भवाने," ती डुकरिणीला म्हणाली, "मी इकडे तोंड करून बसलेय. संध्याकाळपर्यंत वळायची नाही. माझ्या पाठीला काही डोळे नाहीत."

अलिपातेनं काटा मांसात रोवायला हात पुढे केला. पण मग काटा तसाच चटईवर ठेवून दिला.

"तुम्ही सगळ्यांनी पाठ फिरवलीत," तो थकून म्हणाला. "आता बघणारा मी एकटाच उरलो. मला कुणीकडे फिरवू?"

पोरगी काटा उचलून पुसायला लागली, तसा मी ओरडलो, "ए बाई, त्यानं धरला, आता तोही तपू! अन्नाला लावू नकोस!"

तिनं काट्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि दोन्ही बाजूला ठेवून हात धुऊन आली. त्याच्यापुढे मांडी घालून बसली आणि बोटांनी घास केला. अलिपातेनं डोळे मिटून तोंड उघडलं. पहिला घास त्याच्या हनुवटीवरच सांडला.

"जवळ ये," तो म्हणाला. "चावत नाही मी."

"डुकरिणी, विचार गं," बाहेरून आवाज आला, "आणखी एक नारळ फोडू का?"

मी भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. अलिपाते बहिणीला काय म्हणाला, ते मी ऐकलं नाही, कुणी विचारलं तर.