मोतीलालजींना न सुचलेले वाक्य

मित्रांनो, तुमसरच्या एका राईस मिलच्या गोदामात, कोंड्याच्या पोत्यांमागे पडलेला मी एक जुना माईक आहे. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मिलमालक मोतीलालजींनी मला नागपूरहून आणले. त्यांना नाटके लिहिण्याचा नाद होता. नादच म्हणतो, कला म्हणायला मला लाज वाटते.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरे आणि नाटके होत. मला रंगमंचावर मधोमध टांगत. खाली राजा, चोर, सासू, मोलकरीण, सगळे एकाच सुरात बोलत. भांडी घासणारी मोलकरीण म्हणे, "हे विधात्या, ही कसली रे तव क्रूर लीला!" अशी मोलकरीण साऱ्या भंडारा जिल्ह्यात मी ऐकली नाही. माझी मात्र स्तुती होई. "माईक मस्त आहे, एकएक शब्द आयकू येते!" तेच तर माझे दुःख होते.

करडी गावच्या मंडईसाठी मोतीलालजींनी दोन भावांचे नाटक लिहिले. मोठ्याचे काम सेवकरामला दिले आणि धाकट्याचे त्याच्या सख्ख्या भावाला, इश्वरला. हे दोघे कित्येक वर्षे बोलत नव्हते. इश्वर घर सोडून नाकाडोंगरीकडे खाणीत कामाला गेला होता. बाप अंथरुणाला खिळला तरी आला नाही, तेरवीलाही नाही.

"भांडलेले भाऊ समोरासमोर आले का गर्दी तुटून पडते," मोतीलालजी हात चोळत म्हणाले. मग इश्वरला विचारले, "पन तू काहून तयार झाला?"

"घरी तं दादा तोंड पायत नाही," इश्वर म्हणाला. "नाटकात तरी बोलनच ना."

सेवकराम तयार झाला, कारण नाटकात त्याला भावाला हाकलायचे होते.

शेवटच्या प्रवेशात धाकट्याने गुडघे टेकून म्हणायचे होते, "हे ज्येष्ठ बंधो, हा अधम तव चरणी आला आहे!" आणि मोठ्याने गर्जायचे, "दूर हो, कुलकलंका!"

प्रयोगाच्या रात्री इश्वरने गुडघे टेकले. "हे ज्येष्ठ..." म्हणाला आणि थांबला. मग मान वर करून हळूच बोलला, "दादा, बानं माहं नाव घेतलं होतं का गा?"

सेवकरामला आपले वाक्य पाठ होते. त्याचे ओठ हललेही.

"घेतलं," तो म्हणाला. "गूमूत म्या काढलं. पानी माह्या हातचं पेला. अन् नाव तुहंच घेत राह्यला. मले एकडाव बी हाक नाही मारली."

"मले मालूम नवतं गा."

"मालूम असतं तं आला असता?"

इश्वरने मान हलवली. "नसतो आलो. भेव वाटत होतं."

पडद्याआडून मोतीलालजी कुजबुजले, "कुलकलंका! कुलकलंका म्हन!" मी इमानी वस्तू. तीही कुजबूज मी साऱ्या करडीला ऐकवली.

"चूप ऱ्हा ना गा!" पुढे बसलेली ताराबाई ओरडली.

सेवकरामने भावाकडे हात केला. "ऊठ. फळीचे खिळे लागतीन."

पडदा पडल्यावर हार कोणी घालून घेतले, ठाऊक आहे? मोतीलालजींनी! "हे सारं मीच लिहिलं," असेही वर सांगितले. पुढच्या वर्षी सेवकरामचे ते वाक्य त्यांनी दिसेल त्याच्या तोंडी घातले. दरोडेखोर फौजदाराला म्हणे, "नाव तुहंच घेत राह्यला!" सासू सुनेला म्हणे, राजा घोड्याला म्हणे. लोक पोट धरून हसले. मोतीलालजींनी ठरवले, की माईक बिघडला. तेव्हापासून मी या कोंड्यात आहे.

सेवकराम आणि इश्वरने पुन्हा कधी नाटकात काम केले नाही. त्यांना गरजच उरली नव्हती.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. माझी जाळी गंजली तर गंजू द्या. पण समोरचा माणूस बोलायला अडखळला, तर घाईघाईने त्याच्या तोंडात आपले वाक्य कोंबू नका. थोडे थांबा. त्याला त्याचे सापडते.