दहाव्याला खरखर नको

साऊंडवाल्याकडे लोक फक्त आवाज फुटला की वळून बघतात. बारा वर्षं मी हा धंदा करतोय आणि त्यात निम्मी कामं दहाव्याची. पुणतांब्याच्या घाटावर रोज कुणाचा ना कुणाचा दहावा असतोच, आणि हल्ली दहाव्यालाही माईक, स्पीकर आणि मोबाईलवर थेट प्रक्षेपण लागतं. मेलेल्याला त्याचा काय उपयोग, पण जिवंतांची हौस दांडगी.

रंगुबाईंच्या दहाव्याचं काम मला त्यांच्या थोरल्या मुलानं, हनुमंतरावांनी दिलं. सोसायटीचे चेअरमन, तालुक्यात ऊठबस. त्यांच्या एका शब्दावर मला वर्षाला दहा-बारा कामं मिळायची. धाकटा मुलगा अपघातात गेलेला. त्याची बायको सविता सासूजवळ मागच्या दोन खोल्यांत राहायची. शेवटची तीन वर्षं म्हातारी अंथरुणाला खिळली, तिचं सगळं सवितानंच काढलं. दहावा उरकला की हनुमंतराव तिला माहेरी धाडणार आणि खोल्या पाडून गाळे काढणार, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

रंगुबाईंची लेक सुकन्या नवऱ्याबरोबर अरुणाचलात होती, नवरा फौजेत. दरड कोसळून रस्ता बंद झाला, म्हणून ती मोबाईलवरूनच हजर होती. तिचा आवाज माझ्या लॅपटॉपमधून स्पीकरला जोडलेला होता.

पिंडं मांडली. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले, खाली एकही येईना. अर्धा तास गेला. ऊन चढलं, पाहुणे घड्याळं बघायला लागले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "म्हातारीचा जीव लेकीत गुतलाय. तिला बोलू द्या."

मी सुकन्याचा आवाज चढवला. ती "आई" म्हणाली आणि तिकडची रेंज तुटली. चारी स्पीकरमधून कर्रर्र करून असा आवाज निघाला की कावळे उडाले ते थेट पलीकडच्या काठावर. सगळा घाट माझ्याकडे वळून बघायला लागला. हनुमंतराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "रविराज, परत असं झालं तर तुझं सामान नदीत. आन् माझ्या वळखीचं एक काम तुला न्हाई."

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. लॅपटॉपवर यासाठी एक सोय असते. येणारा आवाज तुटला की ती क्षणात स्पीकर बंद करते, आणि आवाज सलग यायला लागला की पुन्हा उघडते. किती वेळ सलग आल्यावर उघडायचं ते आपण ठरवायचं. मी एरवी अर्धा सेकंद ठेवतो. त्या दिवशी वीस सेकंद ठेवले. अरुणाचलच्या डोंगरातून वीस सेकंद सलग आवाज येणार नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

कावळे परत झाडावर आले. रेंज आली, स्पीकर अजून उघडेच होते, आणि सुकन्या बोलायला लागली. "आई, मी सुकन्या. तू काळजी करू नको." एवढं स्वच्छ ऐकू गेलं आणि रेंज तुटली. स्पीकर गुपचूप बंद झाले, टक् सुद्धा नाही. लोकांना वाटलं, बाईचं बोलून झालं.

माझ्या हेडफोनमध्ये मात्र कच्चा आवाज येतच होता, अडखळत, तुटत. "आईनं मला फोनवर सांगितलं... मागच्या खोल्या सविताच्या... ती जिती हाय तवर तिला कुनी उठवायचं न्हाई... दादा, आईसमोर व्हय म्हन... दादा, ऐकतोय का?"

ती सोय बंद करायचं एक बटण दाबलं असतं तर खरखरीसकट ते सगळं घाटावर गेलं असतं. पिंडासमोर, दीडशे पाहुण्यांच्या देखत दिलेला शब्द फिरवायची छाती आमच्याकडे चेअरमनलाही होत नाही. माझं बोट बटणावर होतं. तेवढ्यात एक कावळा झाडावरून उतरून घाटाच्या पायरीवर आला. मी बोट उचललं.

हनुमंतरावांनी माईक हातात घेतला. "आई, तुझी इच्छा पुरी करतो. सगळ्यांना सांभाळतो." सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही, हे न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. कावळा दोन उड्या मारून आला आणि पिंडाला शिवला. लोकांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, आता आवाज कसा लोण्यासारखा आला. हनुमंतरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

दुपारी पंगत उठल्यावर सविता माझ्याकडे आली. डोक्यावरून पदर, हातात मोबाईल.

"ताईंचा फोन आलता. त्या म्हनतात, मी खोल्यांचं सगळं बोलले. इथं कुनीच ऐकलं न्हाई. भाऊजी म्हनतात, ताई आता मनचं सांगतीय. तुमच्या कानाला ते लावल्यालं हुतं. तुमी ऐकलं का?"

हनुमंतराव चार हातांवर गुरुजींशी बोलत उभे होते.

"रेंज नव्हती वहिनी," मी म्हणालो. "मलाही काही आलं नाही."

तिनं मोबाईल पदराआड घेतला.

"ताई बोलत असताना मी तुमच्याकडंच बघत हुते, दादा," ती म्हणाली. "तुमी लॅपटॉपवरचं बोट उचललं, तेबी बघितलं. मला वाटलं, मानूस हाय, इचारल्यावर तरी सांगल."

तेरावा झाल्यावर आठवड्यात ती दोन पिशव्या घेऊन माहेरी गेली. गाळ्यांच्या उद्घाटनाला साऊंड माझाच होता. त्या दिवशीही कुठं खरखर आली नाही.