सोड म्हणजे काय?

१९८६ साली वर्ध्यातल्या आमच्या ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम मशीन आलं. ढोलकीवाला दुसऱ्या पार्टीत गेला होता, म्हणून मालक बंडोपंतांनी मशीनवर मला बसवलं. शाळेत गाणं शिकवणारी मी त्यांना आयतीच सापडले.

कार्यक्रमाच्या शेवटी बंडोपंत सगळ्यांची ओळख करून देत, अगदी माइकवाल्याचीही. माझ्याजवळ आले की म्हणत, "आणि ही विजेची कमाल!" माझं नाव का घेत नाही, असं एकदा सरळच विचारलं. यंत्र आपोआप वाजतं, त्यात नाव काय घ्यायचं, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपोआप म्हणे! बटणं दाबून दाबून केरव्याचा ठेका त्यात मी भरलेला. गाणं चालू असताना डावा हात गतीच्या खुंटीवर, उजवा बटणांवर. अंतऱ्याला ठेका बारीक करायचा, मुखड्यावर परतताना एखादा तुकडा फेकायचा, गायक दमला की खुंटी केसभर मागे घ्यायची. लोकांना मात्र दिसायची नुसती बसलेली बाई.

त्या वर्षी शारदोत्सवात रोहण्याला गेलो. गावाची अट एकच होती, सुरुवात रूपरावांच्या भजनानं व्हायची. रूपराव शेतकरी, जन्मभर खंजिरीवर गायलेले. "मशीन लावून द्या," एवढंच बंडोपंतांना म्हणाले आणि माझ्याकडे न बघता सुरू झाले.

खंजिरी भजन चढत जातं. रूपराव चढले तशी मीही खुंटी पिळत गेले. रंग भरला. तेवढ्यात साथीदारांना सांगायच्या सवयीनं मागे हात करून ते ओरडले, "सोड!"

मी ठेका सोडला. म्हणजे बंद केला.

आता यात माझं काय चुकलं? औत सोडतात तेव्हा ते थांबतं. पण पाणी सोडतात तेव्हा ते सुरू होतं, आणि रूपरावांचा 'सोड' पाण्याचा होता. बंडोपंतांचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, पण मला बघायला सवड नव्हती. रूपराव थांबले नाहीत, तसेच कोरडे गात राहिले, लोकांनी टाळ्यांवर ताल धरला. मी टाळ्या ऐकत खुंटी अंदाजानं लावली, ओळ समेवर येईपर्यंत थांबले आणि बटण दाबलं. नेमकं बसलं. मग मात्र मी पाटाचं सगळं पाणी सोडलं. लोक उभे राहिले.

भजन संपल्यावर रूपराव पहिल्यांदाच मागे वळले. मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मले वाटलं हे आपोआप वाजते," ते माइकवरच म्हणाले. "पण मशीन असं चुकत नाई बाप्पा. हे बाई वाजवून राह्यली. काय नाव, बाई तुमचं?"

बंडोपंत लगबगीनं माइककडे निघाले. मी त्यांच्या आधी पोचले.

"इंदिरा," मी म्हणाले.