नको म्हटलेली पुस्तकं

यादीतून नाकारलेलं पहिलं पुस्तक त्याच संध्याकाळी आमच्या घरी आलं. मी दार उघडलं तेव्हा ते पायरीवर उभं होतं. विहिरी खणण्याविषयीचं पुस्तक, हिरव्या पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. उन्हातून चालत आल्यामुळे त्याची पानं थोडी फुगली होती.

"कोण आहे हो?" कुमुदनं आतून विचारलं.

"विहिरींचं पुस्तक."

"मग दारात काय उभं करताय? आत घ्या."

भुसावळला मे महिन्यात दारी आलेल्याला आधी पाणी देतात, मग काम विचारतात. कुमुदनं त्याच्यापुढे तांब्या ठेवला. पुस्तक पाणी प्यायलं आणि कोपऱ्यात कूलरशेजारी जाऊन बसलं. त्या दिवसापासून कूलर लावायची गरज पडली नाही. तो कोपराच गार झाला.

वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर रंगवायची यादी आम्ही तिघं करत होतो. फिरके सर, कुमुद आणि मी. सर शाळेतून निवृत्त झालेले, मी रेल्वेतून, आणि कुमुद कुठूनच निवृत्त झालेली नाही. यादीचं नाव सरांनी ठरवलं होतं : मोठ्या माणसांनी वाचलीच पाहिजेत अशी पुस्तकं. तिघांचं एकमत झालं तर पुस्तक यादीत. एकानं जरी नको म्हटलं तरी बाहेर.

एकमत झालेलं पुस्तक लगेच जड होई. तिसऱ्यानं "हो" म्हटलं की ते टेबलावर पाट्यासारखं बसे. मग ते कुणाला उचलवत नसे आणि उघडतही नसे. पहिल्या दोन-तीन पुस्तकांनी टेबलाचे पाय वाकले. पुढची आम्ही जमिनीवर ठेवूनच चर्चेला घेऊ लागलो, तर फरशी खचली. सर खूश होते. कलिंगड पारखावं तसं ते प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर बोटांनी वाजवून बघत.

"याला म्हणतात वजन," ते म्हणत.

"पण सर, लोकांनी ही वाचायची कशी?" कुमुदनं विचारलं.

"वहिनी, वाचलीच पाहिजेत असं आपण म्हणतोय. वाचता आली पाहिजेत असं कुठं म्हटलंय?"

एक शिंपीकाका त्यातलं एक पुस्तक मागायला आले. सरांनी त्यांना ते आहे तिथंच वाचायला सांगितलं. काका दुपारभर त्याच्याजवळ मांडी घालून बसले, पुठ्ठ्याच्या फटीत नख घालून पाहिलं आणि नमस्कार करून निघून गेले.

नाकारलेली मात्र घरी येत राहिली. पहिल्याला पाणी दिल्यामुळे बाकीच्यांनाही आमचाच पत्ता मिळाला असावा. मुलीच्या लग्नावरून हुंदके देणारी एक कादंबरी आली. तिच्यावरून बरीच वादावादी झाली होती.

"मोठ्या माणसानं रडकी पुस्तकं वाचू नयेत," सर म्हणाले होते.

"मोठं माणूसच रडतं, सर," कुमुद म्हणाली होती. "लहान मूल नुसतं भोकाड पसरतं."

सर नको म्हणाले ते म्हणालेच. कादंबरी आमच्या पलंगावर झोपू लागली आणि रोज सकाळी चादर वाळत घालावी लागू लागली. मग एक प्रवासवर्णन आलं. ते उजाडताच बाहेर पडे आणि जेवायच्या वेळेला धुळीनं माखून परते. पथ्याविषयीचं एक जाडजूड पुस्तक आलं. मी चहात साखर घातली की ते मधुमेहाच्या पानावर उघडून माझ्यासमोर येऊन उभं राही. कुमुदला ते फार आवडलं.

"बघा, कुणीतरी तुम्हाला बोलणारं भेटलं," ती म्हणाली.

पाहुणचारानं पुस्तकं वाढतात हे आमच्या उशिरा लक्षात आलं. विहिरींचं पुस्तक आधी उशीएवढं झालं, मग गादीएवढं. कादंबरीनं पलंग भरला, तेव्हा आम्ही खाली झोपू लागलो. प्रवासवर्णन मोठं झाल्यावर त्याला बाहेर पडता येईना. ते खिडकीशी उभं राहून गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत बसे. पुढची खोली भरली, मागची भरली. आम्ही स्वयंपाकघरात राहू लागलो. कुमुद पोळ्या लाटायची आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून भाजी चिरायचो, कारण दुसरीकडे पाठ ठेवायला जागा नव्हती. मला ते वाईट वाटत नव्हतं.

मग कुमुदनं तिचं पुस्तक वाचनालयातल्या बैठकीत मांडलं.

ते लहानसं होतं, फिक्या निळ्या रंगाचं. एक बाई माहेरी जायला निघते, चुकीच्या थांब्यावर उतरते, त्या अनोळखी गावात दिवस काढते आणि संध्याकाळच्या बसनं घरी परत येते. बस, एवढंच. मी ते वाचलेलं नाही. आमचं पहिलं बाळ गेलं त्या वर्षी कुमुद तेच वाचत असायची. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून वाचायची, दूध उतू जाई तरी उठायची नाही. कितीतरी महिने ती त्या पुस्तकात होती. मग एक दिवस तिनं ते मिटलं आणि मला विचारलं, "आज काय करू खायला?" ती त्यातून परत आली एवढंच मला माहीत आहे.

"घेऊ या," फिरके सर अनपेक्षितपणे म्हणाले. "एखादं साधं पुस्तक हवंच. माझी हरकत नाही."

"माझी तर नाहीच," कुमुद म्हणाली.

दोघं माझ्याकडे बघू लागले. पुस्तक तिच्या मांडीवर होतं आणि तिचा अंगठा नेहमीच्या सवयीनं त्याच्या पानांच्या कडेवरून फिरत होता. आमच्या भोवती जमिनीत रुतलेली पुस्तकं होती, बंद.

"नको," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"नको म्हणालो."

सरांनी चष्मा काढून पुसला. कुमुद उठली. निळं पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं, कारण नाकारलेल्या पुस्तकाला आपलं आपण यावं लागतं. घरी जाताना ती माझ्यापुढे चालत होती. रेल्वेच्या पुलावर मी तिला गाठलं.

"जड झालं असतं ते," मी म्हणालो. "तुला उघडता आलं नसतं."

"मला पाठ आहे."

"मग?"

"भिंतीवर नाव तर लागलं असतं. माझ्यासारखी एखादी तिथून जाते, वर बघते. तिला कळलं असतं की असं एक पुस्तक आहे."

तिच्या हातातली पिशवी मी घेतली. तिनं घेऊ दिली.

त्या संध्याकाळी आम्ही दार उघडं ठेवून बसलो. बाकीची पुस्तकं सरकून सरकून बसली आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक चिंचोळी वाट मोकळी झाली. पण कुणी आलं नाही. मी वाचनालयात जाऊन बघून येतो म्हणालो.

"तिथं नसेल ते," कुमुद म्हणाली. "वाटेत भलतीकडेच उतरलं असेल. येईल सावकाश."

ते दुसऱ्या दिवशी भर दुपारी आलं. बस स्टँडच्या बाजूनं, रस्त्याच्या सावलीच्या कडेनं, चालत. कुणाचं तरी पाणी वाटेत पिऊन आलं असावं, कारण ते आमच्या दारापेक्षा उंच झालं होतं. त्याला वाकून आत यावं लागलं. आत आल्यावर ते त्या चिंचोळ्या वाटेत उभं राहिलं आणि दोन्हीकडची पुस्तकं टेकेपर्यंत जेवढं उघडता येईल तेवढं उघडलं.

कुमुदनं पदराला हात पुसले.

"या," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "रागावले नाही मी. गॅसवर वरण आहे, बघा. एवढं एक पान बघून येते."

तिनं चपला पुठ्ठ्याबाहेर काढल्या आणि ती पुस्तकाच्या आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा वाचण्याचा आवाज येऊ लागला. ती माझ्यासाठी मोठ्यानं वाचत होती. बाई बसमधून उतरली होती. थांब्यावर चिंचेचं झाड होतं.

मी गॅस बंद करून आलो तेव्हा दोन्हीकडची पुस्तकं ऐकायला पुढं सरकली होती आणि त्यांच्या रेट्यानं निळा पुठ्ठा हळूहळू मिटत होता. मी त्यांना मागे व्हायला सांगितलं. त्यांना मागे जागाच नव्हती. फट वितीएवढी उरली तेव्हा मी उजवा हात कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच उभा राहिलो.

"हात दुखतोय का हो?" तिनं आतून विचारलं.

"नाही. तू वाच."

पान उलटल्याचा वारा माझ्या बोटांना लागला आणि तिचा आवाज थोडा पुढं गेला.