अजगरासाठी तेल

मोतीलाल माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्याशी मी कधी थेट बोलले नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे काय सांगायचं ते भिंतीला सांगायचं. भासऱ्यांचे कान चांगले होते, त्यांना पोचायचं. माझी जीभ मुळात तिखट, त्यामुळे सिहोऱ्याजवळच्या आमच्या त्या घरात भिंतीला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

भासऱ्यांचा डावा हात लकव्यानं गेला, त्या वर्षीची ही गोष्ट. तलावावर त्यांच्यासारखं जाळं फेकणारा दुसरा ढिवर नव्हता. आता ते ओसरीत बाजेवर बसून राहायचे आणि तो हात दुपट्ट्याखाली झाकून ठेवायचे. तुमसरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज गरम तेलानं चोळा, नाहीतर हात वाळेल. त्यांची बायको, माझी जाऊ सखाबाई, रोज तेलाची वाटी घेऊन यायची आणि रोज तेच ऐकायची.

"मेल्या हाताले कायले तेल? ठेव भाजीले."

ती वाटी परत चुलीजवळ नेऊन ठेवायची. हात खरंच वाळत चालला होता, आणि मला दोघांचाही राग यायचा.

त्यातच उंदरांचा सुळसुळाट झाला. नायलॉनचं नवं जाळं, त्याला मासोळीचा वास, उंदरांना आणखी काय पाहिजे? कुरतडलेलं जाळं सांधायचं काम भासऱ्यांचं, आणि त्याला दोन हात लागतात. शेवटी आमचे हे, तुलाराम, तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, अजगराचं पिल्लू घेऊन आले. दोन हात लांब, सायकलच्या ट्यूबएवढं जाड.

"पाळून घेऊ. उंदरं खाईल," म्हणाले. विषारी नसते म्हणे. मग तुमीच धरा, म्हटलं.

पिल्लू टोपलीत घालून आंगणात ठेवलं आणि अर्धं गाव पाहायला लोटलं. जो तो झाकण उघडायचा. कोणी दूध ठेवलं, कोणी अंडं, शेजारच्या कुंताबाईनं तर हळदकुंकू वाहिलं. पिल्लू फुसफुसून तोंड मारायचं, माणूस झटक्यानं हात मागे घ्यायचा, त्या झटक्यानं पिल्लू आणखी बिथरायचं. टोपलीत उंदीर सोडला तर तो त्याच्या अंगावरून फिरला, तरी यानं तोंड लावलं नाही.

"मरते आता हे," मी भिंतीला सांगितलं. "लोकं पाहून पाहूनच मारतीन त्याले."

तेवढ्यात ओसरीतून भासरे ओरडले, "झाकण लावा! टोपली इकडं आणा, अंधाऱ्यात!" हात गेल्यापासून त्यांचा एवढा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

टोपली त्यांच्या बाजेशेजारी कोपऱ्यात गेली. काही दिवस त्यांनी कोणाला फिरकू दिलं नाही. पिल्लू निवल्यासारखं वाटलं, पण हात दिसला की पुन्हा फुसफुस. एका दुपारी भासरे उजव्या हातानं झाकण सरकवून वाकून पाहत होते. दुपट्टा घसरला आणि डावा हात टोपलीत पडला. पिल्लानं कचकन चावा घेतला. सखाबाई किंचाळली. पण तो हात हललाच नाही, हलणार कसा? पिल्लानं पकड सोडली, जीभ आतबाहेर केली आणि थोड्या वेळानं त्याच हाताखाली डोकं घालून पडून राहिलं. झटका न देणारा पहिलाच हात त्याला भेटला होता.

"मले काहीच समजलं नाई," भासरे म्हणाले. मनगटावर रक्ताचे बारीक ठिपके होते. कितीतरी दिवसांनी ते स्वतःच्या त्या हाताकडे पाहत होते.

मग रोज दुपारी ते हात टोपलीत ठेवू लागले. पिल्लाला धरायचं नाही, अडवायचं नाही. ते मनगटावर चढलं तर उजव्या हातानं खालून नुसता आधार द्यायचा. पण दिवस थंडीचे, पिल्लू जरा वेळ थांबून उन्हाच्या कवडशाकडे निघून जायचं.

"हात थंडा लागते त्याले," एके दिवशी भासरे म्हणाले. "अवं, तेल गरम कर."

"कायले?"

"मायासाठी नाई. त्याच्यासाठी."

सखाबाई चुलीकडे अक्षरशः धावली. जवसाच्या तेलानं तिनं तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत चोळला, वास राहू नये म्हणून कोरड्या फडक्यानं पुसला. त्या दुपारी पिल्लू मनगटाला वेढे घालून निजलं. भासरे जेवायलाही उठले नाहीत. त्यानंतर तेल रोजचं झालं, अजगराच्या नावानं.

पुढं त्यानं एक उंदीर गिळला. "आता दोनचार दिवस कोणी हात लावाचा नाई," भासऱ्यांनी दम भरला. हळूहळू पिल्लू जाळ्यांच्या खोलीत राहायला गेलं. तिथल्या उंदरांची खुडबुड थांबली, टोपली रिकामीच राहू लागली.

सखाबाई सवयीनं वाटी घेऊन आली. टोपलीत पाहिलं आणि दारातच थबकली.

"तो तं आता खोलीतच राहते," ती म्हणाली. "इकडं येत नाई."

"मले मालूम हाये."

ती वाटी घेऊन परत वळली. मी समोरच तांदूळ निवडत होते. आता भिंतीला चांगलं खरमरीत सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं, तर भासऱ्यांनी दुपट्टा काढून बाजूला ठेवला. उजव्या हातानं डावा हात उचलला आणि तिच्यापुढं धरला.

"बस ना," म्हणाले, "तेल थंडं होऊन राहिलं."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. या खेपेला मी नुसती रडले.