तांब्याची रेघ

रामा तांडेल मालवाहू बोटीवर खलाशी होता. तो वारला तेव्हा त्याच्या पेटीत अमेरिकेची चार डॉलर-नाणी निघाली, चारही रुपयाहून मोठी. दोन काळवंडलेली, त्यांवर बाईचा मुखडा. दोन चकचकीत, त्यांवर टकल्या माणसाचा. थोरल्या लेकीने, जयवंतीने, चकचकीत दोन्ही धाकट्या बहिणीच्या, जमनाच्या, हातात ठेवली आणि काळी स्वतःकडे घेतली.

जमनाचा नवरा तारापूरच्या कारखान्यात होता, बिऱ्हाड सालवडला. पाच वर्षं नाणी डब्यात पडून होती. श्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिने ठरवलं, ती आटवून पैंजण करायचे. लग्नात तिला पैंजण मिळाले नव्हते.

पालघरच्या तात्या सोनारांकडे खलाशांची बरीच नाणी यायची. त्यांनी नाणं हातात घेऊन आधी त्याची कड उजेडात धरली आणि जमनाला दाखवली. पांढऱ्या कडेच्या मधोमध तांबूस रेघ होती. मग काट्यावर ठेवलं. साडेबावीस ग्रॅम भरलं.

"यात चांदी नाही, बाई. आत तांबं, वरून निकेलचा मुलामा. चांदीचा डॉलर पावणेसत्तावीस ग्रॅम भरतो."

अमेरिकेत ते एक डॉलरला चालेल, म्हणजे आपले साडेबारा रुपये, पण इथली बँक सुटी नाणी बदलून देत नाही, असंही त्यांनी सांगितलं. मग जमनाने काळ्या नाण्यांचं विचारलं. बाईचा मुखडा आणि एकोणीसशे पस्तीस किंवा त्याआधीचं साल असेल, तर शंभरात नव्वद भाग चांदी, तात्या म्हणाले. चांदी काळी पडतेच. एकेकाचे नव्वद-पंचाण्णव रुपये सहज येतील.

जमना घरी न जाता सफाळ्याला गेली आणि तिथून जयवंतीच्या गावाची, दातिवऱ्याची, एसटी धरली. बायला, थोरल्या बहिणीला, ठाऊक होतं का, हाच विचार वाटभर. ठाऊक असेल तर तिने फसवलं. नसेल तर काळी नाणी मागून घेता येतील, बाय नाही म्हणणार नाही. चांदीचं काही न सांगता मागायची, असं उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं.

जयवंती बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. पाणी पिऊन झाल्यावर जमना म्हणाली, "बाय, माझी चकचकीत नाणी तू घे. तुझी काळी मला दे."

जयवंती उठून आत गेली आणि फडक्यात बांधलेली नाणी आणून तिच्या ओटीत ठेवली. का, म्हणून विचारलंही नाही. मग खाली बघत म्हणाली, "मीच तुला फसवली व्हती. बाबा पयल्या फेरीला गेला, तवा ही आणलेली. जलमभर कनवटीला असायची. माला तीच पायजे व्हती. तू लहान, चकाकी बघून भुलशील म्हून ती तुला दिली. तवापासून मनाला लागून हाय."

जमनाने फडकं सोडलं. एका नाण्यावरचं नाक झिजून सपाट झालं होतं. साल मात्र स्पष्ट होतं, एकोणीसशे बावीस.

मग तिने सगळं सांगितलं, सोनाराचं, वजनाचं, भावाचं, आणि एसटीत काय ठरवलं होतं तेही. आपल्या नाण्याची तांबूस रेघ तिने बहिणीला दाखवली, मग काळ्या नाण्याची बिनरेघेची कड.

जयवंती दोन्ही कडा उलटसुलट बघत राहिली. "म्हंजे दोघीबी चोर," ती म्हणाली आणि हसली. "ने तू. पैंजण कर."

"आटवायची नाय," जमना म्हणाली. "एक तुझं, एक माझं."

जमनाने झिजलेलं नाणं उचलून बहिणीच्या मुठीत दिलं आणि दुसरं पदराच्या गाठीला बांधलं. चकचकीत दोन्ही जयवंतीच्या नातीने खेळायला नेली. पैंजणांचं त्या वर्षी राहूनच गेलं. एसटीला अजून तासभर होता, म्हणून जमना पदर खोचून बोंबील घालायला लागली.